बिनडिस्कच्या संगणकाचा मेमरी-हिशेब

संगणकाची रॅम भरत आली की कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, बराच वेळ कोणी हात न लावलेला मजकूर रॅममधून उचलतो आणि हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो. गरज पडली की तो परत आणतो. डिस्कवरच्या या राखीव जागेला स्वॅप म्हणतात. बिनडिस्कच्या संगणकाला ही जागाच नसते. त्याच्या पेटीत हार्ड डिस्क नाही, एसएसडीही नाही. बटण दाबले की त्याचे नेटवर्क कार्ड सर्व्हरकडे पत्ता मागते, मग कर्नल मागते, मग बाकीची कार्यप्रणाली लागेल तशी तारेवरून येत राहते. यापुढे जे काही चालायचे ते रॅममध्ये मावेल तेवढ्यातच.

अशा मशीनबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणजे स्वॅप नसलेला संगणक अपुराच, तो कधीही बंद पडणार. दुसरे म्हणजे स्वॅप नाही म्हणजे डिस्कची खडखड नाही, त्यामुळे तो रखडणारच नाही. दोन्ही चुकीची आहेत. स्वॅपमुळे रॅम वाढत नाही. रॅम कमी पडल्यावर काय करायचे हा निर्णय थोडा पुढे ढकलता येतो, एवढेच. ही मुदत काढून घेतली की तो निर्णय आधीच करून ठेवावा लागतो: कोणाला किती मेमरी द्यायची, आणि टंचाई आली तर आधी कोणी उठायचे. शाळेच्या ज्या संगणक-प्रयोगशाळेत हा हिशेब मांडलेला असतो तिथे बिनडिस्कचे मशीन वर्षानुवर्षे चालते. जिथे तो नसतो तिथे दुप्पट रॅम घातली तरी तक्रार तीच राहते.

डिस्क काढून टाकण्याची कारणे

ही कारणे यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांत स्पष्ट दिसतात. जिल्ह्याचे १६ तालुके १३,५८२ चौरस किलोमीटरवर पसरले आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणाहून उमरखेड शंभरेक किलोमीटर लांब, तर झरी-जामणी थेट तेलंगणाच्या सीमेला टेकलेले. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. वीज गेली असे इथे कोणी म्हणत नाही. ‘लाइन गेली’ म्हणतात, आणि ती जाताना सांगून जात नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला ऊन, धूळ आणि अचानक खंडित होणारी वीज या तिन्ही गोष्टी मानवत नाहीत. डिस्कवर लिहिणे चालू असताना लाइन गेली तर फाइलींची मांडणी बिघडते आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होत नाही. मग तंत्रज्ञ येईपर्यंत ते कापड टाकून झाकून ठेवले जाते.

शालेय शिक्षणातील माहिती-तंत्रज्ञानाविषयीच्या २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने शाळेच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला किमान १० आणि जास्तीत जास्त २० जोडलेल्या जागा धरल्या. एका जागेवर दोन या हिशेबाने ४० विद्यार्थी. २० जागांवर २० स्वतंत्र संगणक ठेवले तर २० डिस्क, २० कार्यप्रणाली आणि व्हायरस शिरण्याच्या २० वाटा सांभाळाव्या लागतात. त्याच २० जागा बिनडिस्कच्या केल्या तर जपायची डिस्क एकच उरते, ती सर्व्हरची, आणि एका इन्व्हर्टरवर ती जपता येते. कार्यप्रणालीची प्रतही एकच. ती सर्व्हरवर बदलली की दुसऱ्या दिवशी वीसही मशीन नव्या प्रतीवर सुरू होतात. एखाद्या जागेवर विद्यार्थ्याने काही बिघडवले तर बंद करून पुन्हा चालू करणे हाच उपाय, कारण बिघाड रॅममध्ये होता आणि रॅमबरोबर तो गेला.

अशा जागांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात जागेवरचे यंत्र केवळ पडदा, कळफलक आणि माउस सांभाळते. सगळे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतात. याला थिन क्लायंट म्हणतात. दुसऱ्यात कार्यप्रणाली सर्व्हरकडून येते, पण प्रोग्रॅम जागेवरच्याच प्रोसेसरवर आणि जागेवरच्याच रॅममध्ये चालतात. हा फॅट क्लायंट. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टने, म्हणजे एलटीएसपीने, आधी पहिला आणि पुढे दुसरा प्रकार जगभरच्या शाळांना सोपा करून दिला. मेमरीचा प्रश्न दोन्हीकडे आहे, पण त्याची जागा बदलते. थिन क्लायंटमध्ये वीस जणांची रॅम एकाच सर्व्हरमध्ये असते. तिथे ब्राउझरचा कोड एकदाच येतो आणि वीस जण तो वाटून वापरतात. फॅट क्लायंटमध्ये वीस छोटी कोठारे असतात आणि एकातली शिल्लक दुसऱ्याला देता येत नाही. स्वॅपविना मेमरी सांभाळण्याचा खरा कस या दुसऱ्या प्रकारात लागतो.

स्वॅप आली कुठून

मेमरी महाग आणि मागणी मोठी, या पेचातून स्वॅपची कल्पना निघाली. मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात १९६२ साली १६ हजार शब्द मावतील एवढी चुंबकी कोअर मेमरी होती आणि सोबत ९६ हजार शब्दांचा फिरता ड्रम. प्रोग्रॅमला मात्र दोन्ही मिळून एकच सलग मेमरी दिसे. मजकूर ठरावीक आकाराच्या पानांमध्ये तोडून यंत्र स्वतःच ती पाने ड्रमवरून आत आणि आतून बाहेर करी. तेव्हापासून ‘पान’ हे मेमरीचे माप झाले. आजच्या बहुतेक पीसींत एक पान ४,०९६ बाइटांचे असते. २ जीबी रॅममध्ये अशी ५,२४,२८८ पाने बसतात.

बिनडिस्कचे संगणक १९८० च्या दशकात कार्यालयांत आणि विद्यापीठांत आले. सन कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही नेटवर्कवरून फाइली वाटण्याची पद्धत आणली आणि तिच्या बिनडिस्कच्या वर्कस्टेशनना स्वॅपही सर्व्हरच्या डिस्कवरूनच मिळे. त्यामागचा तर्क आजही टिकून आहे. फिरत्या डिस्कला एक पान शोधून द्यायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. तेच पान सर्व्हरच्या रॅममध्ये तयार असेल तर १०० मेगाबिटच्या तारेवरून ते एका मिलिसेकंदाच्या आसपास पोहोचते. तार मोकळी असेल तर शेजारच्या मशीनची रॅम स्वतःच्या डिस्कपेक्षा जवळ पडते. अडचण ‘तार मोकळी असेल तर’ या अटीत आहे.

स्वॅपविना मोठे काम करून दाखवण्याचे महाराष्ट्रातले उदाहरण मात्र शाळेचे नाही, महासंगणकाचे आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. त्याच्या ६४ नोडपैकी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या गणन-घटकांपैकी, प्रत्येकात इन्मॉस कंपनीची टी-८०० ट्रान्सप्यूटर ही चिप होती. या चिपच्या पोटात ४ केबी रॅम आणि शेजाऱ्यांशी बोलायला ४ जोडण्या होत्या, पण आभासी मेमरीचे भाषांतर करणारा भाग मुळीच नव्हता. त्यामुळे पाने डिस्कवर नेण्या-आणण्याचा खेळ अशा नोडवर चालूच शकत नव्हता. ट्रान्सप्यूटरवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कोणत्या नोडला गणिताचा कोणता तुकडा द्यायचा, तो तिथल्या मेमरीत मावतो का, आणि शेजाऱ्याला काय पाठवायचे, हे सगळे आधी ठरवावे लागे. एका नोडमध्ये न मावणारे गणित डिस्कवर ढकलता येत नव्हते. ते अधिक नोडवर वाटावे लागे. पुढे आयबीएमच्या ब्लू जीन या महासंगणकाचे गणन-नोडही बिनडिस्कचे होते आणि त्यांचा छोटा कर्नल पानांची ने-आण करत नसे. जगातली काही सर्वांत वेगवान यंत्रे स्वॅपविना चालली. ती गरीब नव्हती. त्यांचा हिशेब आधी झालेला होता.

पाने दोन जातींची

टंचाई आली की कर्नल कोणती पाने रिकामी करू शकतो, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. रॅममधल्या पानांच्या ढोबळ दोन जाती आहेत. पहिली फाइलींची पाने: प्रोग्रॅमचा कोड, फाँट, उघडलेली पुस्तके, चित्रे. यांची मूळ प्रत सर्व्हरवर असतेच, म्हणून ती बेधडक टाकून देता येतात. दुसरी बेनामी पाने: विद्यार्थ्याने अर्धवट लिहिलेला निबंध, ब्राउझरने उलगडलेले वेबपान, प्रोग्रॅमने मागून घेतलेली कामाची जागा. यांची प्रत दुसरीकडे कुठेच नसते. ती बाहेर न्यायची तर स्वॅप हवी. स्वॅप नसेल तर ही पाने प्रोग्रॅम बंद होईपर्यंत रॅममध्ये ठाण मांडून बसतात, मग त्यांना सकाळपासून कोणी हात लावलेला नसला तरीही.

परिणामी स्वॅप नसलेल्या मशीनमध्ये टंचाईचा सगळा भार पहिल्या जातीवर पडतो. आधी जुन्या फाइलींची पाने जातात, ते ठीकच आहे. पण बेनामी पाने वाढतच गेली तर कर्नलला चालू प्रोग्रॅमच्या कोडची पाने टाकावी लागतात. पुढच्याच क्षणी प्रोसेसरला तोच कोड हवा असतो, म्हणून तो सर्व्हरकडून पुन्हा मागवला जातो. तो आला की जागेसाठी दुसरे पान टाकले जाते, आणि थोड्या वेळाने तेही परत मागवावे लागते. स्वॅप नाही तरी रखडणे आहे, ते असे.

हे रखडणे डोळ्यांनी दिसते. पडद्यावरचा बाण तुटक सरकतो, अक्षर दाबल्यावर काही सेकंदांनी उमटते. डिस्क असलेल्या पीसीवर अशा वेळी लाल दिवा अखंड जळतो आणि आतून खरखर येते. बिनडिस्कच्या मशीनवर ना दिवा ना आवाज. ते शांतपणे अडकते. खूण बघायची तर भिंतीवरच्या नेटवर्क स्विचकडे बघावे. कोणी काही डाउनलोड करत नसताना एकाच पोर्टचा दिवा न थांबता लुकलुकत असेल, तर त्या जागेवरचे मशीन स्वतःचाच कोड पुन्हा पुन्हा मागवत आहे.

याची किंमत मोजता येते. १०० मेगाबिटच्या तारेवरून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी जातात. सर्व्हरची तार तेवढीच असेल आणि वीसही मशीन एकाच वेळी पाने मागू लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला सहाशे-सव्वासहाशे केबी, म्हणजे दीडशेच्या आसपास पाने येतात. कार्यप्रणालीची प्रत स्क्वॉशएफएससारख्या आवळलेल्या स्वरूपात असेल तर चार केबीच्या एका पानासाठी सहसा १२८ केबीचा अख्खा खंड मागवून उलगडावा लागतो. तास सुरू होतानाही हेच गणित लागू होते. प्रत्येक मशीनने सुरू होताना ३०० एमबी वाचले असे धरले तर वीस मशीनचे ६,००० एमबी होतात. १०० मेगाबिटच्या तारेला त्यासाठी आठ मिनिटे लागतात, गिगाबिटच्या तारेला पाऊण मिनिट. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत आठ मिनिटे म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. म्हणूनच मेमरीच्या व्यवस्थापनाचा पहिला खर्च रॅमवर करण्याआधी सर्व्हर आणि स्विच यांच्यामधल्या गिगाबिट जोडणीवर करणे शहाणपणाचे ठरते.

रॅममध्ये लपलेल्या फाइली

बिनडिस्कच्या मशीनवर फाइल लिहिली की ती जाते कुठे, हा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. सर्व्हरवरची प्रत सगळ्यांची, त्यामुळे ती केवळ वाचता येते. लिहिण्यासाठी तिच्यावर एक पातळ थर अंथरलेला असतो, आणि तो थर टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्येच असतो. तात्पुरत्या फाइली, ब्राउझरची साठवण, कर्नलच्या नोंदी, सगळे इथे साचते. डिस्कवर या गोष्टी कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. इथे मात्र दर एमबीमागे विद्यार्थ्याच्या कामाची एक एमबी कमी होते, आणि स्वॅप नसल्याने ती हलवताही येत नाही.

टीएमपीएफएसची मर्यादा कोणी ठरवून दिली नाही तर ती रॅमच्या निम्मी धरली जाते. अशा दोन-तीन जागा मशीनवर असल्या तर प्रत्येकीला निम्मी रॅम कबूल केलेली असते. बेरीज रॅमच्याही पुढे जाते. म्हणून प्रत्येक जागेला आकडा घालून देणे, नोंदी नेटवर्कवरून सर्व्हरकडे पाठवणे, ब्राउझरची साठवण मर्यादित ठेवणे आणि विद्यार्थ्यांचे फोल्डर सर्व्हरवर ठेवणे ही चार कामे आधी करावीत. यांतल्या शेवटच्या कामाचा दुसराही लाभ आहे. लाइन गेली तर रॅममधले सगळे जाते. सर्व्हरवर साठवलेला निबंध तेवढा राहतो.

सगळी कार्यप्रणाली सुरुवातीलाच रॅममध्ये उतरवून घेण्याची एक पद्धत आहे. तिच्यामुळे नंतर तारेवर भार पडत नाही, म्हणून ती मोहक वाटते. पण ८०० एमबीची प्रत २ जीबीच्या मशीनमध्ये उतरवली तर ती पाने कायमची अडतात. तीच प्रत सर्व्हरवर ठेवली तर टंचाईत टाकून देता येणारी राहते. ८ जीबीच्या मशीनसाठी पहिली पद्धत चालेल. जुन्या, दान आलेल्या किंवा लिलावात घेतलेल्या मशीनसाठी दुसरीच योग्य.

वचने आणि पंगत

प्रोग्रॅम मेमरी मागतात तेव्हा लागेल त्यापेक्षा जास्त मागतात. कर्नलही ती लगेच देत नाही, फक्त कबूल करतो. प्रत्यक्ष पान पहिल्यांदा हात लागेल तेव्हाच मांडले जाते. लग्नात पाचशे पत्रिका वाटतात आणि साडेतीनशे पाने मांडतात, त्यातलाच हा व्यवहार. सगळे पाहुणे एकदम येत नाहीत या भरवशावर तो चालतो. स्वॅप असली की ती मागच्या अंगणातली जादा पंगत ठरते: गैरसोयीची, पण पाहुणा उपाशी जात नाही. स्वॅप नसेल तर मांडवात मावतील तेवढेच.

यावर कडक उपाय उपलब्ध आहे. लिनक्सला सांगता येते की एका मर्यादेपलीकडे वचनच देऊ नको. ती मर्यादा स्वॅप अधिक रॅमचा ठरावीक टक्का अशी मोजली जाते आणि टक्का मुळात ५० असतो. ज्यांच्याकडे रॅमएवढी स्वॅप आहे त्यांना हा आकडा सोयीचा. स्वॅप शून्य असलेल्या २ जीबीच्या मशीनवर मात्र कडक नियम लावताच वचनांची मर्यादा १ जीबीवर येते आणि अर्धी रॅम मोकळी दिसत असताना प्रोग्रॅम ‘मेमरी नाही’ म्हणून उघडत नाहीत. डिस्कच्या मशीनसाठीचा आकडा बिनडिस्कच्या मशीनवर तसाच राहू दिला तर हे होते. टक्का ८०-९० पर्यंत वाढवता येतो. तरीही ब्राउझरसारखे, मोठी जागा मागून थोडीच वापरणारे प्रोग्रॅम या शिस्तीत नीट चालत नाहीत. शाळेच्या जागांवर सैल वचने आणि खाली पक्क्या मर्यादा हे मिश्रण अधिक व्यवहार्य ठरते.

मेमरी खरोखर संपली की कर्नल एखादा प्रोग्रॅम मारतो. या यंत्रणेला ओओएम किलर म्हणतात. कोणी किती मेमरी धरली आहे यावरून तो प्रत्येकाला गुण देतो आणि सर्वाधिक गुणांचा प्रोग्रॅम बंद करतो. व्यवस्थापकाला या गुणांत उणे १,००० पासून अधिक १,००० पर्यंत भर घालता येते. क्रोमियम ब्राउझर आपल्या टॅबच्या प्रक्रियांना मुद्दाम वरचा गुण देतो. एखादा टॅब जाईल, पण ब्राउझर राहील. हीच रीत प्रयोगशाळेत वापरावी: नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रक्रिया शेवटपर्यंत टिकाव्यात, लेखनाचा प्रोग्रॅम मध्ये, ब्राउझरचे टॅब सर्वांत आधी जावेत.

थिन क्लायंटच्या सर्व्हरवर याला न्यायाचीही बाजू आहे. तिसऱ्या जागेवरच्या मुलाने पंचवीस टॅब उघडले आणि सातव्या जागेवरच्या मुलीचा मोठा तक्ता मेमरीत सर्वांत जड असला, तर ओओएम किलर तिचा तक्ता बंद करू शकतो. त्याला दोष दिसत नाही, आकार दिसतो. लिनक्समधले कंट्रोल ग्रुप यासाठीच आहेत. प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची मर्यादा घालून दिली की टंचाई त्याच्याच अंगणात राहते. पंचवीस टॅब उघडणाऱ्याचेच टॅब बंद होतात. वीस जणांच्या सर्व्हरवर ही एक व्यवस्था अर्धी जादा रॅम घालण्यापेक्षा जास्त कामाची आहे.

कर्नल प्रोग्रॅम मारतो खरा, पण बहुधा उशिरा. कोडची पाने टाकत आणि मागवत राहणे त्याला ‘काहीतरी प्रगती’ वाटते, त्यामुळे मशीन मिनिटेच्या मिनिटे गोठून राहते आणि तरी कोणी मरत नाही. लिनक्सच्या डिसेंबर २०१८ च्या ४.२० कर्नलपासून प्रक्रिया मेमरीसाठी किती काळ ताटकळत आहेत, हे मोजता येऊ लागले. अर्लीओओएम किंवा सिस्टमडी-ओओएमडी यांसारखे पहारेकरी मोकळी मेमरी किंवा हा ताटकळण्याचा काळ पाहून आधीच हस्तक्षेप करतात. तीन मिनिटे गोठून मग ब्राउझर जाण्यापेक्षा तो तीन सेकंदांत गेलेला परवडतो, कारण विद्यार्थी तोवर बटण दाबून अख्खे मशीन बंद करत नाही.

रुईची गाठ

डिस्क नसतानाही स्वॅपची एक जागा उरते: रॅमच. ऐकायला विचित्र वाटते, पण यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात ते समजायला अवघड नाही. भावाची वाट पाहत घरात भरून ठेवलेला कापूस बघता बघता खोली व्यापतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये रुई दाबली जाते आणि १७० किलोची आटोपशीर गाठ बांधली जाते. लिनक्समधला झेडरॅम हेच करतो. न वापरलेली बेनामी पाने तो आवळतो आणि रॅमच्याच एका कोपऱ्यात रचतो. हवी तेव्हा सोडून देतो. ‘कॉम्पकॅश’ या नावाने नितीन गुप्ता यांनी सुरू केलेले हे काम मार्च २०१४ च्या ३.१४ कर्नलमध्ये मुख्य प्रवाहात पक्के झाले. फेडोरा या लिनक्स-प्रणालीत ऑक्टोबर २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून ते डिस्क असलेल्या संगणकांवरही आपोआप चालू असते.

देवनागरी मजकूर अशा दाबणीला विशेष सोयीचा आहे. ‘यवतमाळ’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटांचा होतो: सहा चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट. त्या प्रत्येक तिकडीतले पहिले दोन बाइट तेच असतात. म्हणजे अठरापैकी बारा बाइट हे एकाच जोडीचे सहा फेरे. अशी पुनरुक्ती आवळणाऱ्या प्रोग्रॅमला आयतीच मिळते. शून्यांनी भरलेली पाने तर जवळजवळ काहीच जागा घेत नाहीत. एकूण कामात दोनास एक ते तीनास एक असे प्रमाण सहसा पडते. ३०० एमबी रॅम झेडरॅमला दिली आणि दोनास एक प्रमाण मिळाले, तर तिथे ६०० एमबीची पाने राहतात. निव्वळ लाभ ३०० एमबी.

मात्र बांधलेली गाठ पुन्हा दाबून लहान होत नाही. छायाचित्रे, व्हिडिओ आणि आवाज आधीच आवळलेले असतात. ती पाने झेडरॅममध्ये गेली तर प्रोसेसर राबतो आणि जागा मात्र तेवढीच लागते. म्हणून झेडरॅमलाही मर्यादा हवी. त्याचा उपयोग रॅम वाढवण्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी अधिक आहे. तो बेनामी पानांना हलायला एक जागा देतो आणि त्यामुळे एकट्या कोडच्या पानांवर पडणारा भार कमी होतो. आधी सांगितलेले रखडणे त्यामुळे पुष्कळ लांबणीवर पडते.

तारेवरची स्वॅप

सर्व्हरच्या डिस्कवर प्रत्येक मशीनसाठी स्वॅप ठेवून ती नेटवर्कवरून वापरण्याची सोय जुनीच आहे. एलटीएसपीतही ती होती. तिच्यात एक मूळचा पेच आहे. मेमरी संपत आली म्हणून पान बाहेर पाठवायचे, पण पाठवण्यासाठी नेटवर्कची पाकिटे बांधावी लागतात, आणि पाकिटे बांधायला मेमरी लागते. ती नसली की पान जात नाही, पान गेले नाही म्हणून मेमरी मोकळी होत नाही, आणि मशीन जागच्या जागी थिजते. २०१२ च्या ३.६ कर्नलमध्ये या वाटेसाठी वेगळी राखीव मेमरी ठेवण्याची व्यवस्था आली, तेव्हा हा पेच बराचसा सुटला.

तरी शाळेसाठी हा उपाय शेवटचाच मानावा. वीस मशीन एकदम स्वॅप करू लागली तर सर्व्हरच्या एका डिस्कवर वीस दिशांनी मारा होतो आणि त्याच तारेवरून कोडची पानेही यायची असतात. सर्व्हर क्षणभर बंद पडला तर स्वॅपमध्ये गेलेली पाने हरवतात आणि त्यांचे प्रोग्रॅम कोसळतात. शिवाय त्या पानांत विद्यार्थ्याचा पासवर्डही असू शकतो, आणि तो तारेवरून उघडा जातो. पेन ड्राइव्हवर स्वॅप ठेवण्याची युक्तीही टिकत नाही. फ्लॅश मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता येते आणि स्वॅप हे सततचे लिहिणे असते.

याच कारणाने खिशातला मोबाइलही सहसा साठवणुकीवर स्वॅप करत नाही. बाजारात जाणाऱ्या शेतकऱ्याच्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपवरून कॅमेऱ्यात जाऊन परतल्यावर व्हॉट्सॲप नव्याने उघडते. मधल्या वेळात मेमरी कमी पडली म्हणून ते मागे बंद केलेले असते.  अँड्रॉइडने ॲपलाच अट घातली आहे की कधीही बंद केले जाईल हे धरून आपली स्थिती जपून ठेवायची. निर्णय आधी करून ठेवण्याची ही शिस्त सगळ्यात मोठ्या प्रमाणावर इथेच पाळली जाते.

हिशेबाची वही

हे सगळे एका मशीनवर उतरवले तर असे दिसते. उदाहरणासाठी २ जीबीचा फॅट क्लायंट घ्यावा. कर्नल, सेवा आणि डेस्कटॉप यांना ४५० एमबी, टीएमपीएफएसला २५०, फाइलींच्या पानांना ४०० धरले तर विद्यार्थ्याच्या कामाला सुमारे ९५० एमबी उरतात. यांतला ४०० चा आकडा कधीही खर्चू नये, कारण तो संपला की रखडणे सुरू होते. उरलेल्या ९५० पैकी ३०० झेडरॅमला दिले तर दोनास एक प्रमाणाने कामाची जागा १,२५० एमबीपर्यंत जाते. ब्राउझरची मर्यादा ७०० च्या आसपास ठेवली तर लेखनाच्या प्रोग्रॅमला पुरेसे उरते. आकडे प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळे येतील. रकाने हेच राहतील.

मोजताना एक चूक टाळावी. ‘मोकळी मेमरी’ हा आकडा नेहमी कमीच दिसतो, कारण कर्नल रिकामी रॅम फाइलींच्या पानांनी भरून ठेवतो. पाहायचा तो ‘उपलब्ध’ हा रकाना, ज्यात टाकून देता येणारी पाने धरलेली असतात. तो तासिकेच्या मध्यावर, वीसही जागा चालू असताना पाहावा. रिकाम्या प्रयोगशाळेत सकाळी घेतलेले माप उपयोगाचे नाही.

कामाचा क्रमही ठरलेला आहे. आधी सर्व्हरची जोडणी गिगाबिट करावी. मग टीएमपीएफएसच्या मर्यादा आणि सर्व्हरवरच्या नोंदी. मग कंट्रोल ग्रुप, ओओएमचे गुण आणि लवकर जागा होणारा पहारेकरी. त्यानंतर मर्यादेसह झेडरॅम. एवढे करूनही उपलब्ध मेमरी फाइलींच्या राखीव वाट्याखाली जात असेल, तर त्या मशीनला रॅम खरोखरच कमी आहे; तिथे आणखी एक पट्टी घालावी किंवा त्या जागेचा थिन क्लायंट करून तिचे काम सर्व्हरवर न्यावे. तारेवरची स्वॅप या यादीत सर्वांत खाली येते, आणि वरच्या पायऱ्या पुऱ्या झाल्या असतील तर तिथपर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही.